स्पंजाची वर्गवारी: समुद्रातल्या झऱ्यापासून मुंबईच्या तळ्यांपर्यंत

कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकलेल्या माणसाला स्पंज आठवतो तो बरणीतला. फॉर्मलिनमध्ये बुडालेला सायकॉन, काचेच्या जाळीसारखा यूप्लेक्टेला, शेपटीवाला हायालोनिमा, आणि बाहेर परीक्षक बसलेले. दहावीच्या पुस्तकात रंध्रीय प्राणिसंघाखाली हीच नावं येतात, आणि ती सगळी समुद्रातली. त्यामुळे स्पंज म्हणजे घाटाखालची गोष्ट, असा समज पक्का होतो. (अंघोळीला लागणारी वाळक्या घोसाळ्याची जाळी या हिशेबात धरू नये, ती भाजी आहे.) प्रत्यक्षात या प्राण्याच्या अभ्यासातलं एक महत्त्वाचं प्रकरण मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत लिहिलं गेलं. तिथवर पोचायला थोडं मागून यावं लागेल.

स्पंज हा प्राणी की वनस्पती, हा घोळ दोन हजार वर्षं चालला. इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने एक निरीक्षण नोंदवून ठेवलं: खडकावरून उपटायला गेलं की स्पंज आकसतो, म्हणजे त्याला काहीतरी कळत असावं. पण जागचा हलत नाही, तोंड नाही, पोट नाही, अशा जिवाला प्राणी म्हणायला पुढे कुणी धजेना. सजीवांची वर्गवारी करणाऱ्या लिनियसने १७५३ साली त्याला शेवाळांच्या पंगतीला बसवलं आणि नंतर मत बदलून वनस्पती-प्राण्यांच्या मधल्या गटात हलवलं. १७६५ मध्ये जॉन एलिसने स्पंजाच्या छिद्रांशी पाण्याची हालचाल होते हे दाखवलं, पण एकाच छिद्रातून पाणी आत येतं आणि बाहेरही जातं असं त्याला वाटलं.

हा गुंता सोडवला एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रांटने. फर्थ ऑफ फोर्थच्या किनाऱ्यावरून आणलेला जिवंत तुकडा त्याने समुद्राच्या पाण्यासकट उथळ काचेच्या वाटीत (वॉच ग्लास) ठेवला आणि एक मोठं छिद्र सूक्ष्मदर्शकाखाली आणलं. त्या छिद्रातून पाण्याचा झोत उसळत होता आणि बारीक कण भराभर बाहेर फेकले जात होते. तो तासन्‌तास बघत राहिला. झोत बाहेरच येत होता, आत एकदाही गेला नाही. मग आत जाणारं पाणी कुठून येतं, याचा शोध घेताना अंगभर पसरलेली बारीक रंध्रं सापडली. हे सगळं १८२५ च्या सुमाराचं. पोरिफेरा हे संघाचं नावही ग्रांटनेच दिलं. पुढे वर्षा-दीड वर्षात त्याच किनाऱ्यावर त्याच्यासोबत हिंडणारा एक तरुण विद्यार्थी होता चार्ल्स डार्विन. पण तो विषय वेगळा.

स्पंजाची सगळी शरीररचना या एकेरी वाहतुकीभोवती बांधलेली आहे. रंध्रांतून (ऑस्टिया) पाणी आत येतं, आतल्या पोकळीच्या किंवा कप्प्यांच्या भिंतींवरच्या कॉलर पेशी (गळ्याभोवती पट्टी असलेल्या) आपली चाबकासारखी कशाभिका हलवून ते पुढे ढकलतात, त्यातले जिवाणू आणि अन्नकण टिपतात, आणि उरलेलं पाणी वरच्या मोठ्या तोंडातून (ऑस्क्युलम) बाहेर पडतं. बाहेरची चपट्या पेशींची कातडी आणि आतल्या कॉलर पेशी यांच्यामध्ये गिलाव्यासारखा एक थर असतो. त्यात शूकिका, म्हणजे चुन्याच्या किंवा सिलिकाच्या सूक्ष्म सुया, स्पाँजिनचे तंतू, आणि हव्या त्या कामाला लागू शकणाऱ्या फिरत्या आद्यपेशी असतात. ऊती म्हणाव्यात अशा नाहीतच. दहा सेंटिमीटर उंच आणि एक सेंटिमीटर जाड असा एक छोटा स्पंज दिवसाला २२.५ लीटर पाणी गाळतो, हा पाठ्यपुस्तकांतला जुना आकडा आहे.

आता मुंबई. हेन्री जॉन कार्टर हा कंपनी सरकारच्या वैद्यकीय सेवेतला सर्जन १८४२ मध्ये मुंबईत आला. (१८५८ मध्ये मुंबईत आलेला, शरीरशास्त्राच्या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रं काढणारा हेन्री व्हँडाईक कार्टर वेगळा. या दोघांची गल्लत छापील लेखांतही होते.) आपल्या कार्टरने १८४९ साली मुंबई बेटावरच्या तळ्यांतल्या स्पंजांचं वर्णन प्रसिद्ध केलं. समुद्राने वेढलेल्या बेटावर राहून त्याने आधी तळी धरली, हे मला तरी विशेष वाटतं. युरोपातल्या मंडळींना इथल्या जातींचे सुकलेले, रंग उडालेले नमुने बोटीने मिळत. कार्टरला मात्र दाराशी जिवंत प्राणी मिळत होता, आणि तोही पावसाळा-उन्हाळ्याच्या चक्रात सापडलेला.

त्या चक्रातच खरी गोम आहे. तळं आटायला लागलं की गोड्या पाण्यातला स्पंज मरतो, पण मरण्याआधी अंगात मोहरीहूनही लहान, पिवळट-तपकिरी दाणे तयार करून ठेवतो. हे जेम्युल. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बाहेर चिवट कवच, कवचात खास घडणीच्या बारीक शूकिका रोवलेल्या किंवा आडव्या रचलेल्या, एका बाजूला छोटं भोक, आणि आत अन्नाने गच्च भरलेल्या आद्यपेशींचा गोळा. चिखल भेगाळतो, ऊन तापतं, दाणा तसाच पडून राहतो. पाऊस पडून तळं भरलं की पेशी त्या भोकातून बाहेर सरकतात आणि नवा स्पंज धरतो. कार्टरने हे दाणे तपासले, त्यांतून उगवणारा जीव पाहिला. पुढे १८५७ मध्ये त्याने पाण्यात रंगाचे कण सोडून ते स्पंजाच्या आतल्या कप्प्यांतल्या पेशी गिळतात हेही दाखवलं. आपल्याकडच्या तळ्यांत बहुतेक ठिकाणी भेटणाऱ्या जातीला १८६३ साली इंग्रज स्पंजतज्ज्ञ बाउअरबँकने कार्टरचंच नाव दिलं. आज ती युनेपियस कार्टेराय म्हणून ओळखली जाते.

बाउअरबँकची स्वतःची वर्गवारी मात्र सांगाड्यावर उभी होती: चुन्याचे, सिलिकाचे, आणि शूकिका नसलेले शिंगद्रव्याचे, म्हणजे स्पाँजिनच्या तंतूंचे. कपाटात नमुने लावायला सोय झाली, पण नाती त्यात नीट बसेनात. १८७२ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेलने चुन्याच्या स्पंजांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि ॲस्कॉन, सायकॉन, ल्युकॉन ही त्रयी रूढ केली: साधी नळी, घड्या पडलेली नळी, आणि कप्प्याकप्प्यांचं जाळं. हेकेलसाठी त्या उत्क्रांतीच्या पायऱ्या होत्या. आज आपण त्यांना फक्त बांधणीचे प्रकार मानतो. परीक्षेत मात्र तीन आकृत्या काढून नावं दिली की गुण मिळतात, त्यामुळे त्यांचं बरं चाललं आहे.

दरम्यान १८६७ साली अमेरिकेतल्या हेन्री जेम्स-क्लार्कने ध्यानात आणून दिलं की स्पंजाची कॉलर पेशी हुबेहूब एका एकपेशीय जिवासारखी दिसते. मग स्पंज म्हणजे एकपेशीयांची वसाहत की खरा प्राणी, असा नवा वाद पेटला. सोलासने १८८४ मध्ये त्यांना इतर प्राण्यांच्या शेजारी, पण वेगळं घर दिलं. १९०७ मध्ये विल्सनने जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून पेशी सुट्या केल्या. त्या पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांतून धडधाकट स्पंज तयार झाला. पेशी स्वतंत्र आहेत आणि तरीही एका शरीराच्या आहेत, असा दोन्ही पक्षांना पुरेल इतका पुरावा एकाच प्रयोगात निघाला.

वर्ग आज चार मानतात. कॅल्केरिया चुन्याच्या सुयांचे. हेक्झॅक्टिनेलिडा सहा टोकांच्या काचेसारख्या शूकिकांचे, बहुधा खोल समुद्रातले. यांच्या शरीराच्या बऱ्याच भागात पेशींना एकमेकींपासून वेगळं करणारे पडदेच नसतात. डेमोस्पाँजिया सगळ्यात मोठा, ९,००० हून अधिक ज्ञात जातींपैकी पाचातल्या चाराहून जास्त त्यात येतात. चौथा होमोस्क्लेरोमॉर्फा, जो डेमोस्पाँजियात मोडायचा आणि २०१२ मध्ये डीएनएच्या आधारे वेगळा काढला गेला. आपल्याकडची बरीच पुस्तकं अजून तीनवरच थांबलेली आहेत. १९७० मध्ये प्रवाळासारखा चुन्याचा पाया बांधणाऱ्यांसाठी स्क्लेरोस्पाँजिया नावाचा आणखी एक वर्ग काढला होता, तो पंधरा-वीस वर्षांत मोडीत निघाला, कारण तसा पाया निरनिराळ्या घराण्यांनी आपापला बांधला होता. सगळे स्पंज पाणी गाळून खातात, या व्याख्येलाही १९९५ मध्ये तडा गेला: भूमध्य समुद्राच्या एका गुहेत बारीक कवचधारी जीव पकडून खाणारा स्पंज सापडला.

गोड्या पाण्यातल्या जाती जगभरात २५० च्या आसपास, सगळ्या डेमोस्पाँजियातल्या. भारतातल्या जातींची व्यवस्थित नोंद १९११ साली नेल्सन ॲनन्डेल यांच्या ग्रंथात झाली. त्याच वर्षी ॲनन्डेल यांनी सातारा जिल्ह्यातल्या गोड्या पाण्याच्या जेलीफिशचं वर्णन केलं. तो शोधला होता मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी, आणि कोयना-वेण्णेच्या पाण्यात, म्हणजे कृष्णेच्याच खोऱ्यात. आपली पंचगंगा नरसोबाच्या वाडीला याच कृष्णेला मिळते. ‘समुद्री’ समजल्या जाणाऱ्या जिवांसाठी घाटाखाली उतरायला हवंच असं नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

कोल्हापूर परिसरात कुणाला शोधायचंच असेल तर जागा नेहमीच्याच: तळ्याच्या बांधाचे दगड, जुन्या घाटाच्या पाण्याखालच्या पायऱ्या, बुडालेल्या फांद्या, बंधाऱ्याची भिंत. मळकट करडा किंवा हिरवट लेप दिसतो, आणि शेवाळ समजून माणूस पुढे जातो. बोटाने दाबलं की ठिसूळ लागतो, वास उग्र असतो. पावसाळ्यानंतर लगेच आणलेल्या तुकड्यावर जातीचं नाव सहसा लिहिता येत नाही, कारण गोड्या पाण्यात ओळख पटते ती मुख्यतः जेम्युलच्या शूकिकांवरून. म्हणून पाणी उतरणीला लागल्यावर, हिवाळा सरता सरता जावं, तळाशी दाणे धरलेला तुकडा घ्यावा, आणि प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली नायट्रिक आम्लात उकळावा. मांस विरघळतं, सिलिकाच्या सुया उरतात. बरणीतल्या सायकॉनवर मात्र हा प्रयोग करू नये. त्याच्या सुया चुन्याच्या, आम्लात त्याही जातील.