पत्र्याचा कान आणि हरवलेली फट

दोन पत्रे काटकोनात वेल्ड करायचे तर माणसाला तिसरा हात हवा. एका हातात पत्रा, दुसऱ्यात गुण्या, मग वेल्डिंगची टॉर्च कोण धरणार? म्हणून एका पत्र्याच्या कडेला छोटा कान ठेवतात आणि दुसऱ्यात त्याच्यासाठी झिरी. यालाच टॅब आणि स्लॉट म्हणतात. कान झिरीत गेला की पत्रा आपल्या जागी उभा राहतो, टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे टाके, मारायला वेल्डर मोकळा.

कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या डिझाइनमध्ये, हे दोन मिनिटांचं काम. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये तर २०१८च्या आवृत्तीपासून दोन्ही एकाच कमांडने निघतात. गोची पुढे आहे. २ मिमीच्या पत्र्याला २ मिमीची झिरी स्क्रीनवर छान बसते, कारण तिथल्या पत्र्याला ना बर (कापलेल्या कडेला उरलेली खरखरीत धार) असते, ना जाडीतला फरक. खऱ्या पत्र्याला दोन्ही असतात. म्हणून दोन्ही बाजूंना साधारण ०.१ मिमी फट सोडून झिरी २.२ची करतात. पत्रा कापणारा लेझरचा झोत स्वतः थोडा धातू खातो, पण तो हिशेब कटिंगच्या प्रोग्रॅममध्ये होतो. मॉडेलमध्येही धरलात तर झिरी अरुंद होऊन कान अडणार.

एवढी काळजी घेऊनही कान अडतो, आणि तेव्हा गुन्हेगार बहुधा बेंड असतो. पत्रा वाकताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो, मधला कुठलातरी थर लांबी राखतो. तो थर आतल्या पृष्ठभागापासून जाडीच्या किती हिश्श्यावर आहे, हे के-फॅक्टर सांगतो. २ मिमी पत्रा, आतली त्रिज्या २ मिमी, काटकोनी बेंड: के-फॅक्टर ०.४४ धरला तर बेंडमध्ये ४.५२ मिमी पत्रा जातो, ०.३३ धरला तर ४.१८. फरक ०.३४ मिमी. म्हणजे एका चुकीच्या आकड्याने आपण जपून ठेवलेली फट कधीच गिळली! कान आणि झिरी यांच्यामध्ये दोन बेंड आले तर चूकही दुप्पट.

त्यामुळे आधी त्याच पत्र्याची एक पट्टी वाकवून मोजावी, मगच के-फॅक्टरचा आकडा भरावा. शिवाय सगळेच कान घट्ट ठेवायचा हट्ट नको. एकच कान जागा पकडेल, बाकीच्यांच्या झिऱ्या लांबीच्या दिशेने सैल. कानांमधलं अंतरही मुद्दाम असमान ठेवावं, म्हणजे पत्रा उलटा बसणारच नाही. आणि कानाची उंची जाडीपेक्षा किंचित कमी असली तर वेल्ड त्या खळग्यात भरतो, ग्राइंडर कमी चालवावा लागतो.