मत्स्यालयातले प्रदर्शन आणि ताटातला मासा

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे, सार्डिन डबाबंद करणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागी, १९८४ साली मॉन्टेरे बे मत्स्यालय सुरू झाले. एकेकाळी सार्डिनवर जगणाऱ्या या गावातून १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो मासाच आटत गेला होता. त्यामुळे १९९७ मध्ये मत्स्यालयाने अतिमासेमारीवर प्रदर्शन भरवले, तेव्हा विषय परका नव्हता. अडचण उपाहारगृहाची होती. वर ज्या माशांचे साठे घटत असल्याचे दाखवायचे, तेच मासे खाली ताटात वाढणे विसंगत ठरले असते. म्हणून कोणते मासे वाढावेत याची यादी करण्यात आली आणि ती छापलेली कार्डे टेबलांवर ठेवण्यात आली. ती कार्डे प्रेक्षक घरी नेऊ लागले, आणि त्यातूनच १९९९ मध्ये ‘सीफूड वॉच’ हा उपक्रम उभा राहिला. त्याच्या खिशात मावणाऱ्या कार्डावर हिरवा म्हणजे निवडावा, पिवळा म्हणजे चालेल आणि तांबडा म्हणजे टाळावा, अशी सोपी विभागणी होती.

माझ्या मते प्रदर्शनापेक्षा हे कार्डच अधिक परिणामकारक ठरले असावे. प्रदर्शन पाहून मन हेलावते, निश्चयही होतो; परंतु मासा विकत घेण्याची वेळ येते तेव्हा समोर भाव, सवय आणि भूक एवढेच असते. माहिती निवडीच्या क्षणी हाताशी असावी लागते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या उपाहारगृहात पदार्थांना असेच तीन रंग दिले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पेयांची विक्री १६.५ टक्क्यांनी घटली, आणि पुढे आरोग्यदायी पेये सहज दिसतील व हाताला लागतील अशी मांडल्यावर ती आणखी ११.४ टक्क्यांनी उतरली. (हा प्रयोग माशांचा नव्हे, पण यंत्रणा तीच.)

अर्थात एकेका ग्राहकाच्या निवडीने समुद्रातले साठे भरून येत नाहीत. मोठा खरेदीदार वळला की फरक पडतो. होल फूड्स या दुकानसाखळीने २०१२ मध्ये तांबड्या यादीतले समुद्रातून पकडलेले मासे विकणे थांबवले. २०२२ मध्ये, सापळ्यांच्या दोरांत दुर्मीळ राइट व्हेल अडकतात या कारणावरून, अमेरिकी शेवंड तांबड्या यादीत गेला. काही कंपन्यांनी त्याची खरेदी थांबवली, आणि मेन राज्यातील शेवंड पकडणाऱ्यांनी त्या यादीविरुद्ध मत्स्यालयालाच न्यायालयात खेचले.