जुन्या पाककृतींची उकल

जुन्या पाकपुस्तकांतल्या कृती वाचून, त्यांतली मापे आणि शब्द लावून ते पदार्थ पुन्हा घरी करून पाहणे. पुण्यात या नादाला सोय चांगली आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ या दोन्ही संस्थांत जुन्या हस्तलिखितांचा मोठा साठा आहे, आणि त्या काळची स्वयंपाकाची भांडी राजा दिनकर केळकर संग्रहालयात डोळ्यांनी पाहता येतात.

मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पाकपुस्तकांत ‘सूपशास्त्र’ (1875) येते. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 चे. त्याही मागे जायचे तर 12व्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लासा’त अन्नावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मिरची सापडत नाही; ती पोर्तुगीजांबरोबर आली. तिखटपणा मिऱ्याचा. ‘मंडक’ हा शब्द मात्र वाचताक्षणी ओळखीचा वाटतो, कारण आपले मांडे, म्हणजे पुरण भरून खापरावर भाजलेल्या मोठ्या पातळ पोळ्या, ते हेच.

खरी अडचण मापांची. 80 तोळ्यांचा पक्का शेर सुमारे 933 ग्रॅमचा, तर मुंबईचा जुना शेर त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाचा. त्यातून शेर वजनाचाही असतो आणि मापाचाही: दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. चिपटेभर रवा आणि चिपटेभर पोहे यांचे वजन सारखे कसे भरेल? म्हणून आधी पुस्तकातला शेर कुठला ते ठरवावे, मगच ग्रॅमचा हिशेब मांडावा. घाईने केलेली रूपांतरे बहुधा इथेच फसतात.

त्यानंतर गाळलेल्या जागा. ‘बेताचे मोहन’ (पिठात घालायचे गरम तेल किंवा तूप), ‘पाक गोळीबंद होताच’, ‘खाली-वर विस्तव ठेवून’ एवढेच लिहिलेले असते, कारण वाचणारीचा हात तयार आहे हे लिहिणाऱ्याने धरलेलेच होते. अनारशांची कृती दोन ओळींत संपते: तांदूळ तीन दिवस भिजवावे, कुटून गूळ घालावा. पाणी रोज बदलायचे, तांदूळ सावलीत पसरून किंचित ओलसर असतानाच कुटायचे, खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा न उलटता तळायचा, हे घरातल्या जाणत्या बाईकडूनच कळते. पुस्तक आणि आजी, दोघींनाही विचारावे लागते. माझ्या मते आजीला आधी, कारण पुस्तक थांबू शकते.

मांड्यांना तर पुस्तक जवळजवळ अपुरेच पडते. सपीट, म्हणजे गव्हाचे बारीक चाळलेले पीठ, पुरेसे तिंबल्याशिवाय पुरण भरलेला गोळा हातांवर पसरत नाही, आणि मातीच्या पालथ्या खापराला चुलीची आच चहूबाजूंनी लागते तशी गॅसची लागत नाही. ज्योत मध्यावर एकवटते, कडा कच्च्या राहतात. यासाठी खापर अधूनमधून सरकवून कडा ज्योतीवर आणाव्या लागतात.