८००८ ही ४००४ची मोठी बहीण नव्हे

इंटेलची ४००४ ही मायक्रोप्रोसेसर चिप आली, तिचे चार बिट दुप्पट करून ८००८ झाली, तिच्यातून ८०८०, ८०८६ आणि मग आपले आजचे पीसी. ही वंशावळ कॉलेजच्या नोट्सपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे दिसते. ती पहिल्याच पायरीवर चुकलेली आहे आणि तरी तशीच उतरवली जाते, याचा मला खरोखर संताप येतो.

४००४ची गोष्ट बहुतेकांना पाठ आहे: जपानी कंपनी बिझीकॉमचा कॅल्क्युलेटर, चिप घडवणारे हॉफ, मेझर, फॅजिन आणि शिमा, नोव्हेंबर १९७१, सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर. ८००८ एप्रिल १९७२मध्ये आली. तिच्यात ३,५०० ट्रान्झिस्टर आणि सोळाऐवजी अठरा पिना. हे फरक किरकोळ आहेत.

खरा फरक आहे सूचनासंचाचा, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांच्या यादीचा. ८००८चा सूचनासंच इंटेलचा नव्हताच. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोची कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशन ही कंपनी डेटापॉइंट २२०० नावाचं टर्मिनल (दूरच्या संगणकाशी तारेने जोडायचा कीबोर्ड आणि पडदा) बनवत होती. त्याचा सूचनासंच व्हिक्टर पूअर आणि हॅरी पाइल यांनी आखला होता आणि त्याचा प्रोसेसर सुट्या टीटीएल (साध्या तर्कमंडलांच्या) चिपांनी भरलेला होता. तोच प्रोसेसर एका चिपवर बसवायचं काम इंटेलकडे आलं. १९७०मध्ये हे काम आणि बिझीकॉमचं काम इंटेलमध्ये शेजारीशेजारी चालू होतं. तेव्हा ८००८चं नाव १२०१ होतं. पुढे टर्मिनलवाल्यांनी ती चिप घेतलीच नाही. इंटेलने नाव बदलून ती बाजारात आणली, आणि ४००४शी नातं जोडणारा आकडा तेव्हा तिला चिकटला.

आत डोकावलं की वेगळेपण लगेच दिसतं. ४००४ आकडेमोडीसाठी घडवलेली, म्हणून तिच्यात दशमान दुरुस्तीची (बेरजेचं उत्तर दशमान अंकांत बसवण्याची) सूचना आहे, पण अँड, ऑर, एक्सॉर या बिटांवरच्या तर्कक्रिया नाहीत. ८००८मध्ये नेमकं उलट. ४००४च्या मूळ रचनेत प्रोग्रॅम रॉममध्ये आणि आकडे वेगळ्या रॅममध्ये राहत. ८००८ला दोन्हींसाठी १६ केबींची एकच मेमरी. तिच्यातला पॅरिटी फ्लॅग (उत्तरातल्या १ बिटांची संख्या सम की विषम हे सांगणारी खूण) टर्मिनलकडून आला, कारण तारेवरून आलेलं अक्षर बिघडलंय का, हे तिथे तपासावं लागे. पत्त्याचा खालचा बाइट आधी ठेवण्याची पद्धतही तिथलीच: डेटापॉइंटचा प्रोसेसर एकेक बिट हाताळायचा आणि सुरुवात खालच्या बिटापासून करायचा. या दोन्ही गोष्टी आजच्या एक्स८६ (८०८६च्या वंशातल्या) प्रोसेसरांत शाबूत आहेत. ४००४च्या सूचनासंचातलं असं काही तिथे दाखवून द्या.

दोघींत समान काय? फॅजिन, चिप बनवण्याचं सिलिकॉन गेट तंत्र आणि इंटेलचा कारखाना. म्हणजे घडवण्याची कला सारखी, आराखडा वेगळा. त्यामुळे पीसीची वंशावळ काढणाऱ्याने सुरुवात डेटापॉइंट २२००पासूनच करावी. ४००४चा वारस हवा असेल तर तो १९७४च्या ४०४०मध्ये सापडतो: ४००४च्या सगळ्या सूचना, वर १४ नव्या आणि इंटरप्टची (चालू काम थांबवून तातडीचं काम आधी करण्याची) सोय.