‘आता काय जाणवतंय?’ : जागेपणी होणाऱ्या मेंदूच्या शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणारे हात आपल्याकडे आजही दिसतात. त्यामागे तळमळ असते, पण फिट त्यामुळे थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच ओसरते. फेफऱ्याच्या साधारण तीन रुग्णांपैकी एकाला औषधं पुरी पडत नाहीत. अशांपैकी काहींवर शस्त्रक्रिया करता येते, आणि त्यातल्याही थोड्यांवर ते जागे असताना. कवटी उघडी आणि माणूस बोलतोय, हे ऐकूनच अंगावर काटा येतो. पण या पद्धतीचा उगम डॉक्टरांच्या धाडसात नाही. रुग्णाला विचारल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं, म्हणून ती आली.

लंडनचे डॉक्टर जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन फेफऱ्याचे झटके फार बारकाईने न्याहाळत. एखाद्याचा झटका अंगठ्यापासून सुरू होतो, हातावरून चढत चेहऱ्यापर्यंत जातो. म्हणजे मेंदूवर शरीराचे अवयव ठरावीक क्रमाने मांडलेले असणार, असं त्यांनी ताडलं. १८७० मध्ये फ्रिट्श आणि हित्झिग यांनी बर्लिनमध्ये कुत्र्याच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून पाय हलवून दाखवला आणि त्या तर्काला आधार मिळाला. २५ मे १८८६ रोजी व्हिक्टर हॉर्स्ली यांनी लंडनमध्ये २२ वर्षांच्या एका तरुणाची कवटी उघडली. लहानपणी गाडीखाली सापडून त्याच्या डोक्याला इजा झाली होती. रुग्णालयातल्या पहिल्या पंधरवड्यात त्याला जवळजवळ ३,००० झटके आले होते. हॉर्स्लींनी मेंदूवरचा जुना व्रण काढून टाकला. रुग्ण मात्र पूर्ण गुंगीत होता. तिथे व्रण डोळ्यांना दिसत होता. जिथे काहीच दिसत नाही तिथे काय कापायचं आणि काय राखायचं, हे गुंगीतला माणूस कसं सांगणार?

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. दुखतं ते डोक्याच्या त्वचेला आणि मेंदूवरच्या जाड आवरणाला. तेवढा भाग बधिर करणारी इंजेक्शनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाताशी आली. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचे डॉक्टर ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडे पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा होऊन फेफरं जडलेले सैनिक येत. फोर्स्टर त्यांना जागं ठेवून मेंदूला विजेचा स्पर्श करत आणि झटका नेमका कुठून उठतो ते शोधत. १९२८ मध्ये मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड त्यांच्याकडे सहा महिने राहून हे शिकले.

त्याच वर्षाच्या शेवटी पेनफिल्ड यांच्यापुढे स्वतःची बहीण रुग्ण म्हणून आली. रूथला वर्षानुवर्षं झटके येत. कारण होतं मेंदूतली गाठ. त्यांनी बहिणीला जागी ठेवून स्वतः शस्त्रक्रिया केली, पण गाठ पूर्ण निघाली नाही. १९३१ मध्ये ती गेली. १९३४ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला पेनफिल्ड यांची मेंदूविकारांवरची संस्था उभी राहिली, रॉकफेलर फाउंडेशनच्या देणगीतून. तिच्यामागे हे दुःखही होतं असं मला वाटतं.

तिथली रीत अशी. रुग्ण कुशीवर निजलेला. चादरीचा तंबू केलेला, म्हणजे त्याचा चेहरा मोकळा राहील. आत एक जण सतत त्याच्याशी बोलतोय. पेनफिल्ड मेंदूवर विद्युताग्र, म्हणजे विजेचा सौम्य स्पर्श देणारं टोक, टेकवत आणि विचारत, आता काय जाणवतंय? कुणी म्हणे अंगठ्याला मुंग्या आल्या. कुणाचं बोलणं मध्येच अडे. प्रत्येक जागेवर आकडा लिहिलेला इवलासा कागद ठेवत. झटक्याआधीची ओळखीची चाहूल एखाद्या जागी जशीच्या तशी उमटली, तर खूण पटली. या उत्तरांतूनच १९३७ मध्ये तो प्रसिद्ध मानवाकार नकाशा आला. मेंदूत ज्या अवयवाला जास्त जागा तो त्यात मोठा, म्हणून ओठ आणि अंगठा मोठे. काहींना जुनं गाणं ऐकू येई किंवा जुना प्रसंग डोळ्यांपुढे येई, त्याचीच चर्चा फार झाली. पण कानशिलाच्या भागात तपासलेल्या ५२० रुग्णांपैकी असे ४०च होते.

जागं ठेवणं म्हणजे सुरक्षितपणाची हमी मात्र नव्हे. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डला विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला. तोही जागाच होता. झटके कमी झाले, पण नवी आठवण म्हणून काही टिकेना. मॉन्ट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला तपासलं तेव्हा नुकसान किती खोल आहे ते उमगलं. आज शस्त्रक्रियेआधी स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतात, त्यामागे या माणसाने मोजलेली किंमत आहे.

भारतात ही विद्या मॉन्ट्रियलहूनच आली. पेनफिल्डकडे शिकलेले जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला आणि १९५२ मध्ये तिथे फेफऱ्यावरची शस्त्रक्रिया केली. १९९५ पासून तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने ती नियमित सुरू केली.

हल्ली रुग्णाला कवटी उघडेपर्यंत झोपवतात, मग जागं करतात. बोलण्याच्या जागा राखता याव्यात म्हणून चित्रं दाखवून नावं विचारतात. १९७८ मध्ये ओजेमन आणि व्हिटेकर या संशोधकांनी दाखवलं की दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत प्रत्येक भाषेची काही ठिकाणं वेगळी असू शकतात. म्हणजे घरी मराठी आणि कामावर हिंदी बोलणाऱ्या माणसाला छत्रीचं चित्र दोनदा दाखवायला हवं. एकदा ‘छत्री’ म्हणवून घ्यायला आणि एकदा ‘छाता’.