एफ-२० : संयुक्त आहे, पण अवयव एकही माहीत नाही

गोव्यातल्या शाळांत कोडिंग शिकवू लागल्यापासून मुलांचा एक प्रश्न गणिताच्या शिक्षकांपुढे येऊ लागला आहे: "संख्या संयुक्त आहे म्हणता ना, मग तिचे अवयव दाखवा!" बहुतेक संख्यांच्या बाबतीत हे मागणं रास्तच आहे. पण फर्मा संख्या एफ-२०, म्हणजे २ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १, हिचा एकही अवयव आजवर कोणाला सापडलेला नाही. तिला ३,१५,६५३ अंक आहेत आणि ती संयुक्त आहे हे १९८७ पासून माहीत आहे.

सतराव्या शतकात या कुळातल्या (घातांक स्वतःच २ चा घात: एफ-५ मध्ये २ चा ५ वा म्हणजे ३२, एफ-२० मध्ये २ चा २० वा) साऱ्याच संख्या मूळ असाव्यात, असा अंदाज मांडला गेला. १७३२ मध्ये एफ-५ ला, म्हणजे ४२९४९६७२९७ ला, ६४१ ने भाग गेला आणि अंदाज कोसळला. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये कसोटी निघाली. ३ चा वर्ग करा, संख्येने भागून बाकी घ्या, त्या बाकीचा पुन्हा वर्ग करा. ठरलेल्या फेऱ्यांनंतर बाकी संख्येपेक्षा बरोबर १ ने कमी आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. एफ-५ ला अशा ३१ फेऱ्या लागतात आणि शेवटी १०३२४३०३ उरतात. मूळ असती तर ४२९४९६७२९६ उरले असते. पायथॉनच्या एका ओळीत आठवीतला मुलगाही हे पडताळू शकतो, आणि त्या उत्तरात ६४१ चा मागमूसही नसतो.

खरा वाद इथूनच सुरू होतो. अवयव हातात आले की गुणाकार करून कोणीही खात्री करून घेतो. कसोटीचं उत्तर तपासायचं तर अख्खी गणना पुन्हा करावी लागते. एफ-२० ला १०,४८,५७५ फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत लाखो अंकी संख्येचा वर्ग. मध्ये एक अंक चुकला तरी शेवटची बाकी बिनकामाची. म्हणूनच ही गणना दोन वेगळ्या महासंगणकांवर झाली. तरीही "यंत्र म्हणतं म्हणून सिद्ध?" हा आक्षेप राहिलाच.

या आक्षेपाला सर्वांत चोख उत्तर १९९९ मध्ये एफ-२४ ने दिलं, असं मला ठामपणे वाटतं. ५०,५०,४४६ अंकांची ही संख्या याच कसोटीने संयुक्त ठरली. इतके मोठे वर्ग झटपट करायला दशांश अपूर्णांकांतली गणनापद्धत वापरतात आणि तिच्यात पूर्णांकनाची चूक शिरण्याचा धोका असतो. म्हणून दोन स्वतंत्र प्रोग्रॅम वेगवेगळ्या यंत्रांवर चालवले गेले. मधल्या टप्प्यांवरच्या बाक्या जपून ठेवल्या आणि एका टप्प्यापासून पुढच्या टप्प्यापर्यंतचं अंतर अनेक लहान यंत्रांना वाटून, निव्वळ पूर्णांकांत तपासलं. हा पुरावा हाताने लिहिलेल्या सिद्धतेपेक्षा कच्चा मानायचं कारण मला दिसत नाही.

काळानेही कसोटीचीच बाजू घेतली. एफ-१४ संयुक्त असल्याचं १९६१ मध्येच कळलं होतं. तिचा पहिला अवयव २०१० मध्ये, तब्बल ४९ वर्षांनी सापडला. १९९३ मध्ये संयुक्त ठरलेल्या एफ-२२ चा अवयवही २०१० मध्येच हाती लागला.

एफ-२० आणि एफ-२४ मात्र अजून दाद देत नाहीत. एफ-२० चा कुठलाही अवयव २ च्या २२ व्या घाताच्या पटीपेक्षा १ ने जास्त असलाच पाहिजे, एवढं नक्की. त्यामुळे शोधाची जागा आकसते, तरी ती अफाट उरतेच. पुढे एफ-३३ च्या बाबतीत तर ती मूळ की संयुक्त हेच ठरलेलं नाही. तिचे अंक २५८ कोटींहून जास्त, आणि कसोटीच्या फेऱ्या ८५८ कोटींहून जास्त.