रोहित आले म्हणजे पाणी सुधारले काय?

शिवडी किंवा ऐरोलीच्या बाजूला रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने उतरले की खाडीचे पाणी सुधारले, असा समज मुंबईत सर्रास आढळतो आणि तो शालेय प्रकल्पांच्या तक्त्यांवरही उतरतो. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, हे खरेच. परंतु लहान रोहित प्रामुख्याने नीलहरित शैवालावर जगतो आणि सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस हे त्या शैवालाचे खतच असते; म्हणजे रोहितांची गर्दी ही सांडपाण्याचीही खूण असू शकते. म्हणून काही शाळा मिळून प्रकल्प करणार असतील, तर पक्षिगणनेच्या जोडीने पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही मोजावा.

हंगेरियन रसायनतज्ज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडलेली हा ऑक्सिजन मोजण्याची पद्धत मला रसायनशास्त्रातील सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते. काचेच्या बुचाची बाटली आत बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायची आणि तिच्यात मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी पोटॅशियम आयोडाइड सोडायचे. पाण्यात ऑक्सिजन नसेल तर अवक्षेप, म्हणजे तळाशी बसणारा साका, पांढराच राहतो. असेल तर मँगनीजचे ऑक्सिडीकरण होऊन तो तपकिरी होतो. पुढे सल्फ्युरिक आम्ल घातले की हे मँगनीज आयोडाइडमधून आयोडीन मुक्त करते आणि ऑक्सिजनच्या एका रेणूमागे आयोडीनचे नेमके दोन रेणू मिळतात. ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मोजनळीतून, आयोडीन संपवणारे सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडत द्रावण फिकट पिवळे झाल्यावर स्टार्च घालतात. गडद निळा रंग उमटतो आणि शेवटच्या थेंबासरशी नाहीसा होतो. किती थायोसल्फेट लागले यावरून आयोडीन आणि त्यावरून ऑक्सिजन काढता येतो.

येथे महत्त्वाचे हे की ऑक्सिजन खाडीकाठीच अवक्षेपात बांधला जातो, त्यामुळे उरलेले काम शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येते.

२५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात हवेतून सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. माशाला तेवढ्यावर भागवावे लागते. आपल्या एका साध्या श्वासातील अर्धा लिटर हवेत मात्र तो शंभर मिलिग्रॅमांहून अधिक असतो. ‘ऑक्सिजनयुक्त’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या पाण्याच्या बाटल्यांचे माहात्म्य यावरून जोखावे.

शाळांनी आकडे एकमेकांशेजारी मांडताना मात्र जपून राहावे. प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन दुपारनंतर सर्वाधिक, तर रात्रभराच्या श्वसनामुळे पहाटे सर्वांत कमी असतो. शिवाय समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक-पंचमांश कमी मावतो. म्हणून पवई तलावाचा आकडा शिवडीच्या आकड्याशी थेट न ताडता दोन्हींची संपृक्ततेची टक्केवारी, म्हणजे त्या पाण्यात जास्तीत जास्त मावू शकणाऱ्या ऑक्सिजनपैकी किती टक्के आहे ते, काढावी. भरतीची वेळही रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा दर रविवारी सकाळी आठ वाजता घेतलेले नमुने दिसायला शिस्तबद्ध असले, तरी त्यांतला एखादा भरतीचा आणि दुसरा ओहोटीचा निघतो. नोंदवहीत तापमान, खारेपणा आणि भरतीची स्थिती हे तीन रकाने पक्ष्यांच्या संख्येच्या आधी असावेत.